मिलान दोन दिवसांत: आधी तिकीट, मग डुओमो, मग दुकानं

आपल्याकडून निघणाऱ्या युरोप टूरमध्ये मिलानच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. बस थांबते, डुओमो या मुख्य कॅथेड्रलसमोर फोटो होतात, गॅलेरिया या काचेच्या छताखालच्या बाजारात एक चक्कर होते आणि लगेच 'चला, आता स्वित्झर्लंड'. परत आलेली मंडळी मग सांगतात की तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही आणि जे आहे ते महाग आहे. अर्ध्या दिवसात दिसतं तेवढं खरोखरच तसं आहे. रोम किंवा व्हेनिस आपला सगळा माल रस्त्यावर मांडून बसतात. मिलानमधल्या चांगल्या गोष्टी मात्र दाराआड, आतल्या अंगणात, साध्या विटांच्या भिंतींमागे असतात, आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आगाऊ तिकिटाशिवाय बघताच येत नाही. त्यामुळे इथे काय बघायचं यापेक्षा कोणत्या क्रमाने बघायचं हे जास्त महत्त्वाचं. पूर्ण दोन दिवस हातात आहेत असं धरून पुढचं लिहिलं आहे.

विमानाच्या तिकिटाआधी भिंतीवरच्या चित्राचं तिकीट

लिओनार्दो दा व्हिंचीचं 'लास्ट सपर' सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चला लागून असलेल्या मठाच्या भोजनगृहात, भिंतीवर आहे. एका गटाला आत पंधरा मिनिटं मिळतात आणि गट लहान असतो. तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर साधारण तीन-तीन महिन्यांच्या हप्त्याने खुली होतात आणि चांगल्या वेळा भराभर संपतात. तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्टवर आहे तसंच लिहा. म्हणून सहलीचे महिने ठरले की पहिलं काम हे करा. हॉटेल, ट्रेन, बाकी सगळं या एका वेळेभोवती बसवता येतं. सरळ तिकीट नाहीच मिळालं, तर गाईडसह मिळणारं महागडं तिकीट हा दुसरा मार्ग आहे.

पंधरा मिनिटांसाठी एवढा खटाटोप का? लिओनार्दोने १४९५ ते १४९८ या काळात हे चित्र ओल्या गिलाव्यावर न काढता कोरड्या भिंतीवर काढलं, कारण त्याला सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवत काम करायचं होतं. परिणामी त्याच्या हयातीतच रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. ऑगस्ट १९४३मध्ये बॉम्ब पडून भोजनगृहाचं छप्पर आणि बाजूची एक भिंत कोसळली. वाळूच्या पोत्यांनी झाकलेली चित्राची भिंत तेवढी उभी राहिली. नंतरची डागडुजी वीस वर्षांहून जास्त चालली आणि १९९९मध्ये संपली. आत जाताना एकामागून एक काचेची दारं उघडतात-मिटतात, ती बाहेरची धूळ आणि दमट हवा आत येऊ नये म्हणून. आत गेल्यावर आधी दोन मिनिटं लांब, हॉलच्या मागच्या टोकाला उभे राहा. खोलीच्या भिंती चित्रात पुढे चालू राहतात असं वाटतं, ते तिथूनच नीट कळतं. जवळ नंतर जा.

तारखा ठरवताना आणखी तीन गोष्टी बघा. सोमवार टाळा, कारण लास्ट सपर, ब्रेरा हे चित्रसंग्रहालय आणि स्फोर्झा किल्ल्यातली संग्रहालयं सोमवारी बंद असतात. फेब्रुवारीच्या अखेरीचा आणि सप्टेंबरमधला फॅशन वीक, तसंच एप्रिलमधलं फर्निचर प्रदर्शन, या दिवसांत हॉटेलांचे दर डोळे पांढरे करतात. आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे निम्मं शहर सुट्टीवर असतं, घरगुती खाणावळींना कुलपं असतात.

उतरल्यावर

विमानतळ तीन. भारतातून येणारी बहुतेक विमानं माल्पेन्साला उतरतात आणि ते शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटर आहे. तिथून माल्पेन्सा एक्सप्रेस ही ट्रेन कादोर्ना किंवा चेंत्राले स्टेशनला आणते. हॉटेल कुठल्या बाजूला आहे ते बघून यातलं स्टेशन निवडा, नाहीतर बॅगा ओढत मेट्रो बदलावी लागेल. लिनाते विमानतळ शहराला चिकटून आहे आणि तिथून मेट्रोची निळी लाइन थेट सान बाबिलाला, म्हणजे खरेदीच्या भागाच्या तोंडाशी सोडते. बेर्गामो मात्र नावापुरतंच मिलानचं. स्वस्त विमानं तिथे उतरतात, पुढे बस.

शहरात फिरायला मेट्रो, ट्राम, बस या सगळ्यांना एकच तिकीट चालतं. साधं तिकीट २.२० युरोचं आहे आणि नव्वद मिनिटं चालतं. चोवीस तासांचा पास ७.६० युरोचा. मेट्रोत बँकेचं किंवा फॉरेक्सचं टॅप होणारं कार्ड थेट फाटकाला लावता येतं. कुटुंबाने जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की माणशी एक कार्ड लागतं. आत जाताना लावलेलंच कार्ड बाहेर पडतानाही लावायचं.

राहायला डुओमोजवळच हवं असा हट्ट नको. पोर्ता व्हेनेत्सिया, पोर्ता रोमाना, इझोला हे भाग मेट्रोवर आहेत, राहते आहेत आणि संध्याकाळी जिवंत असतात. चेंत्राले स्टेशनच्या आसपास स्वस्त पडतं, पण रात्री उशिरा तिथे रमतगमत फिरायची गरज नाही. हॉटेलच्या बिलावर माणशी शहर-कर वेगळा लागतो, त्याची तयारी ठेवा.

आणि खिसेकापू. डुओमोचा चौक, चेंत्राले आणि गर्दीच्या वेळची मेट्रो ही त्यांची ठिकाणं. चौकात कोणी प्रेमाने मनगटात दोरा बांधायला आलं किंवा कबुतरांसाठी मक्याचे दाणे हातात ठेवायला लागलं, तर हात खिशात घालून चालत राहा. दोऱ्याचे आणि दाण्यांचे पैसे नंतर मागतात.

पहिली सकाळ: डुओमो, पण वरून सुरुवात

डुओमोला सकाळी पहिल्या वेळेला जा आणि आधी गच्चीवर चढा. लिफ्ट आहे, साधारण अडीचशे पायऱ्यांचा जिनाही आहे आणि त्याचं तिकीट स्वस्त. गुडघे धड असतील तर जिनाच घ्या. वर पोचल्यावर तुम्ही कळसांच्या मधून चालता. १३५ सुळके, प्रत्येकावर एक पुतळा, आणि खालून कोणालाही दिसणार नाही अशा जागीही पानं-फुलं कोरलेली. हवा स्वच्छ असेल, विशेषतः हिवाळ्यात पाऊस पडून गेल्यावर, तर उत्तरेला आल्प्सची बर्फाळ रांग दिसते. दुपारी तिथे ऊन आणि सेल्फी स्टिक यांतून वाट काढावी लागते.

काम सुरू झालं १३८६मध्ये आणि शेवटचा दरवाजा बसला १९६५मध्ये. संगमरवर कांदोल्या नावाच्या खाणीतला, गुलाबी झाक असलेला. तो सरोवर, नदी आणि कालवे असा पाण्यातून थेट बांधकामाच्या जवळ आणला जायचा. ती खाण आजही डुओमोला दगड पुरवते, कारण एका टोकाची डागडुजी संपेपर्यंत दुसरीकडचा दगड झिजलेला असतो. सर्वात उंच कळसावरची सोनेरी मादोन्निना, म्हणजे मेरीची मूर्ती, १७७४पासून १०८.५ मीटरवर उभी आहे. तिच्यापेक्षा उंच काही बांधायचं नाही असा संकेत होता. पुढे पिरेल्ली टॉवर तिच्या वर गेला, तेव्हा त्याच्या माथ्यावर तिची छोटी प्रतिकृती बसवून मिलानकरांनी यातून वाट काढली.

खाली आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात एक ओढणी जवळ ठेवा. आत गर्दी सगळी रंगीत काचांकडे बघत असते. तुम्ही संत बार्थोलोम्यूचा पुतळा शोधा. मार्को द'अग्राते याने १५६२मध्ये केलेला हा संत, जिवंत सोलला गेलेला, आपलीच कातडी खांद्यावरून गुंडाळून शांत उभा आहे. अंगावरची प्रत्येक शीर दिसते. लहान मुलं बरोबर असतील तर आधी एकट्याने बघून या. दाराजवळच्या फरशीत पितळेची एक पट्टी आहे. ब्रेराच्या खगोलशास्त्रज्ञांनी १७८६मध्ये बसवलेली ही माध्यान्ह-रेषा. छपराच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा ऐन माध्यान्ही तिच्यावरून जातो.

शेजारीच गॅलेरिया व्हित्तोरिओ एमानुएले. लोखंड आणि काचेच्या छताखालचा हा बाजार जुझेप्पे मेंगोनी याने उभारला आणि १८७७च्या डिसेंबरच्या शेवटी, काम पुरं होत असताना, परांचीवरून पडून तो गेला. इथल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या काळ्यावर सोनेरी. मॅकडोनाल्ड्स इथे होतं तेव्हा त्यालाही लाल-पिवळं सोडून हेच रंग घ्यावे लागले होते. मधोमध फरशीत एक बैल आहे आणि त्याच्या नको त्या जागी टाच ठेवून गरगर फिरलं की नशीब उघडतं, अशी समजूत. तिथे खळगा पडला आहे. फिरायचं तर फिरा, पण त्याच चौकातल्या कॅफेत बसायचं असेल तर आधी दाराशी लावलेला दरफलक वाचा.

पलीकडच्या तोंडाने बाहेर पडलं की समोर स्काला. १७७८चं हे ऑपेराघर बाहेरून इतकं साधं आहे की लोक न ओळखता पुढे जातात. ऑपेराचं तिकीट नसेल तर संग्रहालयाचं घ्या. त्यातून बहुधा एखाद्या बॉक्समधून आतलं लाल-सोनेरी प्रेक्षागृह बघता येतं. तालीम चालू असली की मात्र नाही. दुपारी दहा मिनिटं चालून ब्रेरा. चित्रांचा कंटाळा असेल तरी मांतेन्याचा मृत ख्रिस्त बघा. तळपाय आपल्याकडे करून आडवा ठेवलेला देह, बघणारा जणू पलंगाच्या पायथ्याशी उभा. आणि तिकीट काढायचंच नसेल तर निदान अंगणात जाऊन या. तिथे कानोव्हाने केलेला नेपोलियन आहे, विवस्त्र.

दुकानं: आधी बघायची, मग घ्यायची

मिलानला खरेदीला जाणं म्हणजे तीन वेगवेगळी कामं आहेत. लोक ती एका दुपारी उरकायला जातात आणि रिकाम्या हाताने, वैतागून परत येतात.

पहिलं काम बघण्याचं. मोंते नापोलेओने, स्पीगा, मान्झोनी आणि कोर्सो व्हेनेत्सिया या चार रस्त्यांमधला चौकोन म्हणजे फॅशनची पेठ. मोंते नापोलेओने हा रस्ता २०२४मध्ये दुकानांच्या भाड्यात जगात सर्वात महाग ठरला होता, तेव्हा तिथे घासाघीस करायचा विचार मनातून काढा. पण बघायला पैसे पडत नाहीत. दाराशी सूट घातलेला माणूस उभा असतो, तो अडवायला नसतो. आत शिरताना 'बुओनजोर्नो' म्हणा; न बोलता आत घुसणं तिथे उद्धटपणा समजतात. वस्तू स्वतः उचलण्यापेक्षा दाखवायला सांगा. नको असेल तर 'ग्रात्सिए' म्हणून बाहेर. शिलाई बघा, बटणाची काजं बघा, अस्तर बघा. शिवणकामातलं कळणारी आई-मावशी बरोबर असेल तर या पेठेत तिच्यासारखी गाईड नाही. मोठी लाकडी दारं उघडी दिसली की आतल्या अंगणात डोकावा. तिथून पंधरा मिनिटं चालत काप्पुचिनी या गल्लीत गेलं की एका खाजगी बागेच्या कुंपणातून गुलाबी फ्लेमिंगो दिसतात. भर शहरात, बंगल्यामागे. ठाणे खाडीवाल्यांना अप्रूप कमी, पण तरी जा.

प्रादाचं मूळ दुकान १९१३पासून गॅलेरियात आहे आणि मराठी माणसाला तिथे थांबायला कारण आहे. जून २०२५मध्ये याच शहरातल्या त्यांच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेलच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला होत्या आणि कोल्हापूरचा उल्लेख कुठेच नव्हता. २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू अशी बिननावाने मिरवलेली बघून महाराष्ट्रात गदारोळ झाला. कंपनीने प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन गेली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. जाहीर झालेली किंमत जोडीला सुमारे आठशे युरो. काचेआड ती जोडी दिसली तर शिलाई बघा आणि कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या आपल्या जोडीशी ताडून पाहा.

दुसरं काम खरोखर घेण्याचं. डुओमोला लागून रिनाशेंते हे मोठं बहुमजली दुकान आहे. पाऊस असेल किंवा वेळ कमी असेल तर सगळे ब्रँड एका छपराखाली मिळतात, आणि वरच्या मजल्यावर खाण्याच्या जागेतून डुओमोचे कळस हाताच्या अंतरावर दिसतात. खिशाला झेपणाऱ्या कपड्यांसाठी कोर्सो बुएनोस आयरेस. लाल मेट्रोवरच्या पोर्ता व्हेनेत्सियापासून लोरेतोपर्यंत दोन्ही बाजूंनी दुकानंच दुकानं. तरुण मंडळींनी कोर्सो दि पोर्ता तिचिनेसेला जावं. मंगळवारी किंवा शनिवारी असाल तर पापिनियानो रस्त्यावरचा आठवडी बाजार सोडू नका. कपडे, चामड्याचे बूट, चीज, भाज्या, आणि इटालियन आज्या ढिगातून स्वेटर उपसताना बघायला मिळतात ते वेगळंच.

मापांचा घोळ होतो. इटलीतलं बायकांचं ४२ म्हणजे फ्रान्सचं ३८, म्हणून नुसता आकडा बघून घेऊ नका, घालून बघा. सेल वर्षातून दोनदा लागतो, जानेवारीच्या सुरुवातीला आणि जुलैच्या सुरुवातीला. मूळ किंमत आणि सवलतीचा टक्का दोन्ही लिहिलेले असतात. फुटपाथवर चादर पसरून विकत असलेल्या 'गुच्ची' बॅगेकडे बघूही नका. इटलीत नकली माल घेणाऱ्यालाही जबर दंड होतो.

तिसरं काम म्हणजे शहराबाहेरची आउटलेट. सेर्राव्हाल्ले मोठं आहे, स्वस्तही आहे, पण जाण्यायेण्यात नि फिरण्यात पूर्ण दिवस जातो. दोन दिवसांच्या मुक्कामात मला विचाराल तर नको.

पोटाचं

शाकाहाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. मिलानचा केशरी रिसोत्तो दिसायला केशरीभात, आणि म्हणून आपली माणसं निर्धास्तपणे मागवतात. पारंपरिक पद्धतीत तो हाडाच्या आतल्या गरावर परततात आणि मांसाच्या पाण्यात शिजवतात. 'ब्रोदो वेजेताले?' म्हणजे भाज्यांचं पाणी वापरलंय का, असं स्पष्ट विचारा. वर किसलेल्या ग्राना किंवा पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. कडक पाळणाऱ्यांनी 'सेन्झा फोर्माज्जो' सांगावं.

मांसाहाऱ्यांनाही एक सूचना. इथले दोन प्रसिद्ध पदार्थ, तुपासारख्या लोण्यात तळलेली कोतोलेत्ता आणि मंद शिजवलेला ओसोबुको, दोन्ही वासराच्या मांसाचे. चालत नसेल तर मेनूत 'व्हितेल्लो' आणि 'मांझो' हे शब्द टाळा. 'पोल्लो' म्हणजे कोंबडी, 'मायाले' डुक्कर, 'पेशे' मासे. चालत असेल तर कोतोलेत्ता हाडासकट, जाडसर मागवा.

दुपारी डुओमोजवळ सांता रादेगोंदा गल्लीत लुइनीचे पान्झेरोत्ती. १८८८पासूनचं दुकान. टोमॅटो-मोत्झारेल्ला भरलेली तळलेली करंजी हातात घेऊन रस्त्यावर उभ्यानेच खायची. पहिला घास जपून, आतलं चीज तोंड भाजतं. रांग मोठी दिसते पण भरभर सरकते.

कॉफी उभ्याने प्या. काउंटरवर एस्प्रेसो दीडेक युरोत होते, तीच बसून घेतली की दर वाढतो. कापुचिनो सकाळची. जेवणानंतर मागितली तर देतात, पण बघतात. बसून जेवलात की बिलावर 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात. ती फसवणूक नाही, मेनूवर लिहिलेलं असतं. टिप सक्तीची नाही. पाणी मात्र विकत घेऊ नका. चौकाचौकांत हिरव्या लोखंडी खांबाच्या टोटीतून पिण्याचं थंड पाणी सतत वाहत असतं, बाटली भरून घ्या.

रात्रीची जेवणं साडेसातशिवाय सुरू होत नाहीत, आणि तोवर भूक मारायला मिलानकरांकडे आपेरितिव्हो आहे. सहाच्या पुढे एक पेय घ्यायचं, बरोबर खाणं येतं. कुठे ऑलिव्ह-वेफर, कुठे पूर्ण थाळीभर. दर दहा ते पंधरा युरो. काम्पारी हे लाल, कडसर मद्य याच शहरात मोठं झालं. दारू नको असेल तर 'क्रोदिनो' मागा. नारिंगी, कडसर, ग्लासात तितकीच रुबाबदार दिसते.

आणि तीन दिवस पिझ्झा-पास्ता खाऊन जीव विटला असेल, तर पोर्ता व्हेनेत्सियात एरिट्रियन खाणावळी आहेत. इंजेरा नावाच्या आंबवलेल्या, जाळीदार घावनावर 'शिरो' वाढतात. डाळीच्या पिठाचा, तिखट, थेट पिठल्याचा भाऊ. हाताने खायचं. शाकाहारी थाळी हमखास मिळते. भारतीय रेस्टॉरंट शोधण्यापेक्षा हे मी दहादा सुचवेन.

दुसरा दिवस: पश्चिमेकडून कालव्यापर्यंत

लास्ट सपरची वेळ सकाळची मिळाली असेल तर उत्तम. तिथून कोर्सो माजेंता रस्त्याने केंद्राकडे चालत या आणि वाटेत सान माउरित्सिओ या चर्चचं दार ढकला. बाहेरून करडी, कंटाळवाणी भिंत. आत जमिनीपासून छतापर्यंत चित्रंच चित्रं, बरीचशी बेर्नार्दिनो लुइनी आणि त्याच्या मुलांच्या हातची. मधल्या भिंतीपलीकडे नन बसत, अलीकडे गावचे लोक. ती मागची बाजू जास्त सुंदर आहे, छोट्या दाराने तिकडे जायला विसरू नका. प्रवेश फुकट. सोमवारी बंद.

मग किल्ला. अंगणं मोफत आहेत. तिकीट घेतलंच तर मायकेलअँजेलोची शेवटची, अपुरी राहिलेली पिएता, म्हणजे मेरी आणि मृत ख्रिस्ताचं शिल्प, बघा. १५६४मध्ये मरण्याच्या काही दिवस आधीपर्यंत तो तिच्यावर काम करत होता. एक सुटा दंड तसाच बाजूला राहिला आहे, आधीच्या आराखड्यातला. बाकी दालनं घाईत असाल तर सोडा.

पायांना विश्रांती म्हणून १ नंबरची ट्राम पकडा. १९२८च्या बांधणीचे डबे, लाकडी बाक, आणि खिडकीतून स्काला, किल्ला सरकत जातात. पर्यटकांसाठीची वेगळी बस याहून काही जास्त दाखवत नाही आणि कितीतरी पट पैसे घेते. परत येताना तोरिनो रस्त्यावर सान सातिरो शोधा. मागे रस्ता असल्याने चर्चला खोली द्यायला जागा नव्हती, तेव्हा ब्रामांतेने रंग आणि गिलाव्याने खोल गाभारा रचला. समोरून काही मीटर खोल वाटतो, बाजूला जाऊन बघितलं की एक मीटरसुद्धा नाही.

संध्याकाळ नाव्हिल्यीसाठी राखा. डुओमोचा संगमरवर ज्या कालव्यांतून आला त्यांतले हे उरलेले. शहराच्या मधले गेल्या शतकात बुजवून रस्ते केले. पोर्ता जेनोव्हा मेट्रो स्टेशनवरून चालत जा. महिन्याचा शेवटचा रविवार असेल तर काठावर जुन्या वस्तूंचा लांबच लांब बाजार भरतो. अगदी पाण्यालगतचे बार महाग आणि यथातथा, एक गल्ली आत जा. उन्हाळ्यात डास फार, ओडोमास बॅगेत असू द्या.

निघताना

एका दुकानात एका दिवशी ७० युरोंहून जास्त खरेदी झाली असेल आणि तुम्ही युरोपियन युनियनबाहेर राहत असाल, तर कराचा काही भाग परत मिळतो. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे लागू नाही. दुकानात पैसे देतानाच पासपोर्ट दाखवून टॅक्स फ्रीचा फॉर्म मागा. नंतर परत जाऊन सहसा करून देत नाहीत. कर २२ टक्के असला तरी मधल्या कंपनीचं कापून हातात त्याहून बरंच कमी येतं. वस्तू न वापरलेल्या, बिलासकट. विमानतळावर चेक-इनची बॅग सोडण्याआधी कस्टम्सचं काम करा, कारण वस्तू बघायला मागू शकतात. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलत असाल, तर युनियनमधून बाहेर पडण्याचा शेवटचा विमानतळ तो; खरेदी हँडबॅगेत असेल तर शिक्का तिथे. माल्पेन्साला त्या खिडकीशी संध्याकाळच्या विमानांआधी रांग लागते, तेव्हा नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.